गर्भाशयाच्या अस्तराची महागडी चाचणी: पैसे भरण्याआधी

भडगाव परिसरातली जोडपी आयव्हीएफसाठी जळगाव, धुळे किंवा नाशिक गाठतात. प्रयत्न फसला की ‘अस्तर गर्भ धरत नाही’ असे सांगून ईआरए चाचणी किंवा अस्तर खरवडणे सुचवले जाते. मग फाइल घेऊन तुम्ही फॅमिली डॉक्टरकडे येता आणि विचारता, करायचे का?

अस्तर म्हणजे गर्भाशयाचा आतला थर. प्रोजेस्टेरॉनचा परिणाम सुरू झाल्यावर काही दिवसांनी, थोड्याच काळासाठी, तो गर्भ रुजू देतो. ईआरएमध्ये अस्तराचा तुकडा घेऊन जनुकांवरून ती वेळ ठरवतात. कल्पना चांगली आहे. पण २०२२ मध्ये ‘जामा’ नियतकालिकात आलेल्या ७६७ स्त्रियांच्या अभ्यासात चाचणीच्या वेळेनुसार गर्भ सोडलेल्यांपैकी ५८.५ टक्के, तर नेहमीच्या वेळी सोडलेल्यांपैकी ६१.९ टक्के स्त्रियांना बाळ झाले. खरवडण्याचेही तेच. २०१९ च्या १,३६४ स्त्रियांच्या चाचणीत दोन्ही गटांत प्रमाण २६.१ टक्केच होते. वारंवार अपयश आलेल्यांनाही ईआरएचा फायदा सिद्ध झालेला नाही. युरोपातील वंध्यत्वतज्ज्ञांची संस्था ‘एश्रे’ हिनेही २०२३ मध्ये या चाचणीची शिफारस केली नाही.

मग अस्तराकडे बघायचेच नाही का? बघायचे, पण बरे करता येणारे कारण शोधण्यासाठी. पॉलिप, आत डोकावणारी गाठ, क्युरेटिंगनंतरचे चिकटलेपण दुर्बिणीने दिसते आणि बऱ्याचदा काढता येते. आपल्याकडे गर्भाशयाचा क्षयही विसरू नका. त्यात खोकला नसू शकतो. घरात कुणाला टीबी झाला असेल तर न लाजता सांगा. त्याची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. मात्र केवळ एका पीसीआर अहवालावरून ती सुरू करू नयेत. सोनोग्राफीत अस्तर ७ मिलिमीटरपेक्षा कमी दिसले तर काळजीपूर्वक बघावे लागते, पण तेवढ्यावर आशा सोडायची नसते. मशेरी-तंबाखू मात्र दोघांनीही सोडावी.

गर्भ न रुजण्याचे कारण पुष्कळदा गर्भातच, म्हणजे त्याच्या गुणसूत्रांत असते, आणि त्याचा स्त्रीच्या वयाशी मोठा संबंध आहे. ‘हिच्या पिशवीतच दोष’ हे घरातले वाक्य म्हणून अनेकदा चुकीचे ठरते.

२०२१ च्या एआरटी कायद्यानुसार केंद्राची नोंदणी सक्तीची आहे, आणि उपचाराचे फायदे, तोटे व खर्च तुम्हाला समजावून सांगणे हे केंद्राचे कर्तव्य आहे. तेव्हा विचारा: माझ्या बाबतीत नेमका कोणता दोष सापडला? या चाचणीने बाळ होण्याची शक्यता किती वाढते? उत्तर लेखी मागा, आणि ते हातात येईपर्यंत आगाऊ रक्कम भरू नका.