वाडीचे वृक्षोद्यान कसे होते?

हौसेने झाडे लावणारा एखादा तरी गृहस्थ बहुतेक गावांत आढळतो. परगावी गेला की पिशवीत बी किंवा रोप घेऊनच तो परततो. त्याच्या वाडीत आंबा-जांभळाच्या जोडीला बेहडा, रिठा, बकुळ, कोशिंब अशी वीस-पंचवीस जातींची झाडे उभी राहतात. तो हयात असेपर्यंत त्यांची निगा राहते. त्याच्या पश्चात मात्र मुलांत वाटणी होते, नवे बांध पडतात, आणि जे झाड कोणाच्या हिश्श्याच्या आड येते त्याच्यावर कुऱ्हाड चालते. चाळीस वर्षांच्या कष्टांचे एका उन्हाळ्यात सरपण होते. असा संग्रह टिकावा आणि लोकशिक्षणाच्या उपयोगी पडावा, यासाठी काय करावे लागते?

नागपूरच्या महाराजबागेचे उदाहरण आपणांस जवळचे आहे. ती मूळची भोसले राजांची बाग. आपल्याकडील लांजीचा मुलूखही त्यांच्याच अमलाखाली होता. १८५३ साली तिसरे रघुजी महाराज निवर्तले आणि पुढच्याच वर्षी इंग्रजांनी राज्य खालसा केले. राजाची बाग राजाबरोबर संपावयाची. परंतु ती लोकांसाठी खुली झाली. १८९४ साली तेथे प्राणिसंग्रह आला, १९०६ साली नागपुरास कृषी महाविद्यालय निघाले, आणि पुढे बागेचा कारभार कृषी विद्यापीठाकडे गेला. मालक गेला, तरी सांभाळणारी संस्था होती. म्हणून बाग राहिली.

पण राजाच्या बागेची गोष्ट निराळी, सामान्य शेतकऱ्यास हे कसे साधावे, असे कोणी म्हणेल. त्यासाठी न्यूझीलंडमधील डग्लस कुक या शेतकऱ्याची हकीगत सांगण्यासारखी आहे. १९१० साली त्याने गिसबर्न गावापासून दूर, उघड्या डोंगराळ भागात जमीन घेतली. पहिल्या महायुद्धात तो सैन्यात गेला आणि तेथे त्याच्या एका डोळ्याची दृष्टी गेली. इंग्लंडमध्ये विश्रांती घेत असताना तेथील जुन्या वाड्यांभोवतालचे वृक्ष त्याने पाहिले, आणि आपल्या ओसाड टेकड्यांवर असेच वृक्ष उभे करावयाचे, असे त्याने ठरविले. त्यानंतर कित्येक वर्षे तो परदेशांतून रोपे मागवीत राहिला व मिळकतीचा मोठा भाग त्यांवर खर्चीत राहिला. अणुयुद्धात युरोपातील वृक्ष नष्ट झालेच, तर त्यांचा वंश आपल्या टेकड्यांवर तरी उरावा, असा विचारही पुढे त्याच्या मनात होता.

म्हातारपणी त्याच्यापुढेही तोच प्रश्न उभा राहिला: आपल्यामागे हे कोण पाहील? १९६५ साली विल्यम्स नावाच्या गृहस्थाने ती जागा विकत घेतली. त्याचा हेतू झाडे राखण्याचा होता. कुक १९६७ साली मरण पावला. १९७५ साली विल्यम्सने ती सारी जागा विश्वस्त मंडळाच्या स्वाधीन केली. ईस्टवुडहिल या नावाने ते आज त्या देशाचे राष्ट्रीय वृक्षोद्यान म्हणून ओळखले जाते. लावणारा एक, वाचविणारा दुसरा, आणि शिकणारे पिढ्यान्‌पिढ्यांचे लोक!

मात्र झाडे नुसती उभी राहिल्याने शिक्षण होत नाही. राई निराळी आणि वृक्षोद्यान निराळे. वृक्षोद्यानात प्रत्येक झाडाला नाव असते, आणि त्याचे बी कोठून, कोणत्या साली आले याची नोंद वहीत असते. नावाचे महत्त्व आपल्या जिल्ह्यात चटकन पटावे. ज्याला येथे साज म्हणतात त्यालाच महाराष्ट्रात ऐन म्हणतात. येथला बीजा तोच तिकडचा बिबळा. म्हणून घरगुती नावांबरोबर शास्त्रीय नाव लागते. बीजा व बिबळा यांचे टेरोकार्पस मार्सुपियम हे एकच नाव कोणत्याही देशात चालते. मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकविणारे फादर सांतापाव हे पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे प्रमुख झाले. अशा मोठ्या विद्वानाने १९६६ साली सामान्य वाचकांसाठी नेहमीच्या झाडांवर छोटे पुस्तक लिहिले. आपल्या दाराशी उभे असलेले झाड ओळखणे हे त्यांना कमीपणाचे वाटले नाही.

हे आपल्यालाही साध्य आहे. शंभर पृष्ठांची एक वही घ्या. प्रत्येक झाडाला क्रमांक द्या आणि त्यापुढे नाव, लावल्याचे साल व बी कोठून आणले ते लिहा. नाव ठाऊक नसेल तर बालाघाटच्या वन महाविद्यालयात फांदी, फूल व फळ नेऊन विचारा. पत्र्याची पाटी खोडावर खिळ्याने ठोकू नका. खोड जाड होते तसे ते पाटीला गिळते. बुंध्याशी खुंटी रोवून तिच्यावर पाटी लावा. सालाचे बी पावसाळ्याच्या तोंडाशी पडते आणि काही दिवसांतच त्याची रुजण्याची शक्ती जाते. ते साठवू नका, लगेच पेरा. मग गावच्या शाळेतील मुलांना बोलवा. मोह केव्हा फुलला, पळसाची पाने केव्हा गळाली, हे त्यांनाच त्या वहीत लिहू द्या. ज्या झाडाच्या नोंदी मुलाने स्वतः केल्या, त्याच्यावर पुढे त्याच्या हातून सहसा कुऱ्हाड चालत नाही.

शेवटचे काम सर्वांत अवघड, म्हणून ते उद्यावर टाकू नये. हातपाय धड आहेत तोवर मुलांना जवळ बसवून वाडीचे पुढे काय करावयाचे ते ठरवा. तिचा एखादा तुकडा तरी वाटणीबाहेर ठेवून शाळेला किंवा विश्वस्तांना रीतसर लिहून द्या. तोंडी शब्द पटवाऱ्याच्या दप्तरात टिकत नाही. बापाने लावलेल्या झाडाखाली गावाची मुले शिकताना पाहणे, हाही मुलांना मिळालेला वारसाच होय.