जिरेनियमचा पावसाळा

जिरेनियमचे रोप उन्हाने करपेल म्हणून आपण चैत्र-वैशाखात त्याला जपतो. दुपारी गोणपाटाचा आडोसा करतो, सकाळी तांब्याभर पाणी घालतो. रोप उन्हाळा काढतेही. मग मृगाचा पाऊस पडला की आपण निर्धास्त होतो, आणि आषाढ संपत नाही तोच बुंधा काळा पडतो व रोप आडवे होते. हे रोप बहुधा पावसाने मरते. तेव्हा काळजी घ्यायची ती पावसाळ्यात.

हे रोप मूळचे दक्षिण आफ्रिकेतले. त्याचे खोड रसदार असते, थोड्या पाण्यावर ते तगून राहते. पण मुळाशी पाणी साचले की मूळ कुजते. चिकण काळ्या जमिनीत, पन्हाळीखाली किंवा मोरीच्या पाण्यावर ते कधीच लावू नये.

तुम्ही म्हणाल, जिरेनियम तर बर्फातसुद्धा टिकते असे वाचले आहे. ते वेगळे. खरे जिरेनियम थंड मुलखातले. हिमालयातही त्याच्या काही जाती रानात उगवतात. हिवाळ्यात बहुतेक जातींचा पाला वाळतो, मूळ जमिनीत झोपते आणि वसंतात पुन्हा फुटते. त्याचे फळ करकोच्याच्या चोचीसारखे लांब असते. वाळले की चोचीच्या पट्ट्या झटक्याने वर वळतात आणि बी दूर उडते. लिनियसने १७५३ साली दोन्ही झाडे एकाच नावाखाली घातली. १७८९ मध्ये आफ्रिकेतल्या झाडांना पेलार्गोनियम हे वेगळे नाव मिळाले. पण लोकांच्या तोंडी जुनेच नाव राहिले! ओळख सोपी आहे : खऱ्या जिरेनियमच्या पाचही पाकळ्या सारख्या, आपल्या कुंडीतल्याच्या वरच्या दोन खालच्या तिघींहून निराळ्या. बर्फातले ते झाड आपल्या पठारावर आणण्याचा हट्ट धरू नये. त्याला हवी तशी थंडी इथे मिळत नाही.

आता आपल्या रोपाचे पाहू. कुंडीला खाली भोक हवेच. तळाशी खापऱ्या घालाव्यात, वर पोयटा, वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत. शेणखत बेताचेच, जास्त झाले की पालाच माजतो. पावसाळा सुरू होण्यापूर्वी कुंडी ओसरीच्या कडेला, वरून पाऊस लागणार नाही पण उजेड मिळेल अशा जागी, दोन विटांवर ठेवावी. माती बोटाला कोरडी लागल्याशिवाय पाणी देऊ नये. रोप जमिनीत असेल तर वर प्लॅस्टिकचे छप्पर करावे, पण बाजू मोकळ्या ठेवाव्यात. लखनौच्या सीमॅप संस्थेनेही मातृरोपे पावसाळ्यात वाचवण्यासाठी असाच प्लॅस्टिकचा निवारा सुचवला आहे.

एवढे करूनही एखादे रोप जाते. म्हणून फाटे कलमे करून ठेवावीत. सुवासिक जातीला आपल्याकडे बी धरत नाही, वंश चालतो तो फाट्यावरच. परतीचा पाऊस ओसरला की शेंड्याकडचा चार बोटे लांब, निरोगी फाटा पेराच्या लगेच खाली कापावा. खालची पाने काढावीत. कापलेला भाग काही तास सावलीत सुकू द्यावा, हे विसरू नये. ओला फाटा लावला तर तो कुजण्याची भीती असते. मग वाळूमिश्रित मातीत रोवून सावलीत ठेवावा. महिन्याभरात मुळे धरतात. शेजारणीलाही दोन फाटे द्यावेत. आपले रोप गेले तर तिच्याकडून परत आणता येते.

पान चुरगळले की गुलाबासारखा वास येतो. वाळलेली पाने कपड्यांच्या ट्रंकेत ठेवता येतात. कुंडी दारात ठेवली की डास पळतात, असे सांगून रोपे खपवतात, त्यावर मात्र विश्वास ठेवू नका. मच्छरदाणी लावलेली बरी.

घरधनी शेतात जिरेनियम लावायचे म्हणत असतील, तर त्यांच्याशी आधी नीट बोला. एक टन ओल्या पाल्यातून साधारण एक किलोच तेल निघते. तेल काढण्याची भट्टी जवळ कुठे आहे, तेल कोण घेणार आणि पावसाळ्यात रोपे मेली तर नवी कोण देणार, हे रोपांचे पैसे मोजण्यापूर्वी कागदावर लिहून घ्या.