लाल-काळ्याचा घोळ

सबवूफर आणला की आवाज सुधारतो असं बऱ्याच जणांना वाटतं. मलाही वाटायचं. गेल्या दिवाळीत मोठ्या हौसेने बाबांसाठी एक आणला. त्यांच्याकडे जुना दोन चॅनलचा अ‍ॅम्प्लिफायर आणि लाकडी खोक्यांचे दोन स्पीकर. सकाळच्या चहाबरोबर भीमसेन नाहीतर कुमार, हा नेम मी शाळेत असल्यापासूनचा.

या अ‍ॅम्प्लिफायरला सबसाठी वेगळं आउटपुट नाही. दुकानदार म्हणाला, साहेब, मग नवा रिसीव्हरच घ्या. काही गरज नव्हती. बऱ्याच सबवूफरना मागे स्पीकर लेव्हल इनपुट असतो. स्पीकरच्या टर्मिनलवरूनच आणखी एक जोडी काढून त्याला द्यायची. सबच्या पोटात स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असतो, तो इकडून करंट जवळजवळ घेतच नाही. (ज्याला विजेचा प्लगच नाही असा पॅसिव्ह सब मात्र असा लावू नका. 8 ओहमच्या स्पीकरला 8 ओहमचाच सब समांतर जोडला की अ‍ॅम्प्लिफायरला दिसतात साधारण 4, आणि जुनी मशीन्स त्याने तापतात.)

जोडता जोडता मी स्पीकरच्या जुन्या वायरीही बदलल्या. शोकेसच्या मागून, पट्टीतून, एकदम नीट. आईने चक्क कौतुक केलं.

दुसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, "अरे, डग्गा कुठे गेला?"

मी सबचा आवाज वाढवला.

"आता घुमतंय, पण डग्गा नाही. आणि पंडितजी पूर्वी समोर मधोमध बसायचे, ते आता खोलीभर पसरलेत."

मी हसलो. वर ऐकवलंही, "बाबा, तुम्हाला जुन्याची सवय झालीय." आमच्या धंद्यात याला 'माझ्या मशीनवर तर चालतंय' म्हणतात. युजरने बग सांगितला की आधी युजरवर संशय!

बाबांनी वाद घातला नाही. हळूहळू सिस्टिम लावणंच बंद केलं. स्वयंपाकघरात मोबाइल स्टीलच्या पातेल्यात ठेवून ऐकायला लागले. मला वाटलं, वय झालं, कान गेले. कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. ते निमूटपणे आले, याचं आता जास्त वाईट वाटतं.

तपासणीचा आलेख हातात आला. वरच्या फ्रिक्वेन्सीला थोडी घट, वयोमानाप्रमाणे. खालच्या पट्ट्यात सगळं ठणठणीत. रिक्षात बसल्यावर माझी ट्यूब पेटली. वयाने ऐकू येणं आधी वरून कमी होतं, आणि बाबांची तक्रार तर खालच्या आवाजाची होती!

घरी आल्याबरोबर स्पीकरच्या वायरी अ‍ॅम्प्लिफायरमधून काढल्या आणि टोकांना 1.5 व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवला. डावा कोन पुढे आला, उजवा मागे गेला. नव्या वायरीच्या दोन्ही तारा दिसायला सारख्याच, फक्त एकीवर बारीक रेघ. पट्टीतून ओढताना ती कुठेतरी उलटली होती. एका स्पीकरचं लाल काळ्यात आणि काळं लालमध्ये.

असं झालं की एक स्पीकर हवा ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो. खालच्या सुरांची तरंगलांबी मोठी (80 हर्ट्झला सव्वाचार मीटरच्या आसपास), त्यामुळे दोन्हीकडचे आवाज एकमेकांना बऱ्याच अंशी खाऊन टाकतात. जुनी मोनो ध्वनिमुद्रणं असतील तर जास्तच, कारण डावं-उजवं एकच. मधोमध बसलेला गायकही विस्कटतो. बाबांनी हे सगळं मला दोन वाक्यांत सांगितलं होतं, ओहम-हर्ट्झशिवाय. आणि मी वाढवत होतो सब, जो 60 हर्ट्झच्या खालीच काम करत होता. डग्ग्याचा घुमारा बराचसा त्याच्या वरचा.

माझं म्हणणं असं आहे, की आपल्याकडे ही जोडणी कुणी कामच समजत नाही. वॉटवर तासभर चर्चा होते, जाडजूड 'ऑडिओफाइल' वायरीवर हजारो रुपये जातात. साध्या 16 गेजच्या तांब्याच्या 5 मीटर वायरीचा जाऊन-येऊन रोध साधारण 0.13 ओहम. 8 ओहमपुढे तो किती? पण लाल-काळं तपासायला लागणारा एक सेल कुणी काढत नाही. सबवर 0 आणि 180 लिहिलेलं फेजचं बटण असतं, तेही कुणी दाबून बघत नाही. गाणं लावून दोन्हीकडे करून बघा, बसायच्या जागेवर जिथे खालचे सूर जास्त भरीव वाटतील तिथे ठेवा. आणि सब सरळ कोपऱ्यात कोंबू नका. तिथे बास वाढतो खरा, पण तो खालच्या मजल्यावरच्यांना जास्त ऐकू येतो :-)

असो. वायर सरळ केली आणि बाबांना हाक मारली. ते चहा घेऊन आले, पाच मिनिटं काही बोलले नाहीत. मग उठून त्यांनी सबचं बटण पाव आवाजावर आणलं.

"आला डग्गा," म्हणाले. "पण तो काळा खोका वाजतोय की नुसता शोभेला ठेवलायस?"

मी उठून सब बंद करून दाखवला.

"लाव, लाव परत," म्हणाले.