मोक्याच्या जागा अडल्या आहेत

जून लागला की चाळकेवाडीच्या सड्यावर पाय रोवून उभे राहणे अवघड होते. अरबी समुद्रावरून आलेला मोसमी वारा सह्याद्री चढतो आणि माथ्यावर सुसाट सुटतो. हा वारा हेरूनच साताऱ्यात चाळकेवाडी, वनकुसवडे आणि सांगलीत गुढे-पाचगणीच्या पठारावर पवनचक्क्या आल्या; पूर्वेला ढालगावच्या माळावरही त्या फिरू लागल्या.

वारा पात्याच्या बाकदार अंगावरून जाताना दोन्ही बाजूंच्या दाबात फरक पडतो आणि पाते फिरते. त्याची चाल संथ. बहुतेक यंत्रांत गिअरबॉक्स ती वाढवून जनित्राला गरगर फिरवतो. खरी मेख गणितात आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली शक्ती आठपट होते. पात्याची लांबी दुप्पट केली की चौपट वारा कवेत येतो.

आता वनकुसवडेकडे पाहा. तिथे ३५० किलोवॉटची यंत्रे रांगेने उभी राहिली. आज २.१ मेगावॉटचे एकच यंत्र क्षमतेत तशा सहांना भारी पडते, शिवाय उंच मनोऱ्यावर त्याला वाराही अधिक जोराचा मिळतो. म्हणजे सर्वांत चांगल्या वाऱ्याच्या जागा सर्वांत लहान यंत्रांनी अडवल्या आहेत.

जुनी यंत्रे बदलण्याचे धोरण केंद्राने २०१६ मध्ये आणले, २०२३ मध्ये सुधारलेही. घोडे अडते ते मालकीपाशी. पहिल्याच वर्षी ८० टक्के किंवा त्याहूनही जास्त घसारा मिळत असल्याने अनेक उद्योगांनी कर वाचवण्यासाठी एकेक-दोनदोन यंत्रे घेतली. एका पठारावर अनेक मालक. सहा काढून एक उभारायचे, तर ते कोणाचे?

हा तिढा राज्य सरकारनेच सोडवायला हवा. मालकांची एकत्रित कंपनी करून क्षमतेच्या प्रमाणात हिस्से देता येतील. मात्र लांब पाती घाटातून न्यायची म्हणून डोंगर वाटेल तसा कापू देऊ नये. शेजारचे कास पठार २०१२ पासून जागतिक वारशात आहे आणि अशा जांभ्या सड्यांवरची दुर्मीळ फुले एकट्या कासपुरती नाहीत. त्यामुळे परवानगी देतानाच दोन अटी घालाव्यात: नव्या पठाराला हात लावायचा नाही आणि जुन्या यंत्रांचे पाये व रस्ते काढून मोकळी झालेली जमीन पूर्ववत करायची.