आईच्या ओव्या
ऐन वसुबारसेला दिवे गेले आणि आमचा संगणक बिघडला. सुरू होई, पण लगेच कोलमडे. दुरुस्तीवाले म्हणाले, "सगळं पुसून विंडोज नव्यानं घालू." आत कै. आईच्या आवाजातल्या ओव्या. नक्कल कुठंच नाही!

चिरंजीव म्हणाले, "बाबा, थांबा." काळ्या चौकटीत त्यांनी आधी 'डीआयएसएम'ची आज्ञा दिली, तिनं इंटरनेटवरून मूळ फायलींचं कोठार नीट केलं. मग 'एसएफसी स्कॅननाऊ'नं त्यातल्या चांगल्या फायली बिघडलेल्यांच्या जागी बसवल्या. आपल्या गाण्या-फोटोंना ती हात लावत नाही.

तासाभरानं आईचा आवाज घरात घुमला. सौ. डोळे पुसत म्हणाली, "आधी नक्कल, मग फराळ!"

वाचकहो, तुम्हीही पाडव्याआधी एवढं कराच.