जुन्या पिकअपमधील गारवा कोणासाठी?

भिवंडी तालुक्यातील पडघा, अनगाव, वज्रेश्वरी या बाजूंचा भाजीपाला कल्याण व वाशीच्या बाजारांत जातो, तो पुष्कळदा दहा-पंधरा वर्षे राबलेल्या पिकअप गाड्यांतून. अशा गाडीच्या केबिनमधील थंड हवेची नळी मागे हौद्यात नेली म्हणजे माल ताजा राहील, असा समज काही शेतकरी बंधूंत आढळतो. हा खर्च व्यर्थ होय, असे माझे स्पष्ट मत आहे.

गेल्या उन्हाळ्यात एका बागायतदारांनी हौदा पत्र्याने बंद करून असा फेरफार करविला. भर दुपारी तोडलेली भेंडी पोत्यांत दाबून भरली. बाजारात दार उघडले, तो मधल्या पोत्यांनी चांगलीच ऊब धरलेली. भेंडी पिवळट व निस्तेज पडली होती. गाडी तयार होत असता मी ती पाहिली होती, आणि कौतुकही केले होते. तेव्हाच हिशेब मांडावयास हवा होता. तो येथे मांडतो.

एक हजार किलो भेंडी ३५ अंश सेल्सिअसवरून १५ अंशांवर आणण्यासाठी सुमारे १९ हजार किलोकॅलरी उष्णता काढावी लागते. एक टन क्षमतेचे शीतयंत्र तासाला जेमतेम ३ हजार किलोकॅलरी काढते. (हा 'टन' म्हणजे यंत्राचे वजन नव्हे, एक टन बर्फ २४ तासांत वितळताना जितकी उष्णता शोषील तितकी क्षमता.) म्हणजे सहा तासांहून अधिक वेळ हवा, तोही पत्र्यातून उष्णता आत येत नाही असे धरून. वाशीचा प्रवास एरवी दोन-तीन तासांचा. शिवाय भेंडी तोडल्यावरही श्वसन करीत राहते व स्वतःच उष्णता निर्माण करते. वाहतुकीतील शीतयंत्र थंड केलेला माल थंड राखण्यासाठी असते. तापलेला माल थंड करणे हे त्याचे काम नव्हे.

गाडी फारच जुनी, म्हणजे १९९० च्या सुमाराची असेल, तर तिच्या यंत्रात आर-१२ हा वायू असण्याचा संभव असतो. ओझोन थराच्या रक्षणासाठी तो बंद झाला आहे. त्याऐवजी आर-१३४ए भरावयाचा तर कॉम्प्रेसरमधील तेल, ड्रायर व रबरी कड्याही बदलाव्या लागतात; नुसता वायू भरून देणाऱ्या कारागिरावर विसंबू नये. हौद्याची रचना बदलावयाची तर मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ लक्षात घेऊन आधी परिवहन कार्यालयात विचारणा करावी.

चालकाला गारवा मिळावा यात गैर काही नाही. वैशाखात तापलेल्या केबिनमध्ये बसून ज्याने वाहतूक कोंडी सोसली आहे, तो ही चैन म्हणणार नाही. मात्र तो गारवा केबिनपुरताच ठेवावा.

मालासाठी तोडणी पहाटे करावी, कारण रात्रभर निवलेल्या भेंडीत शेताची उष्णता कमी असते. तोडलेला माल सावलीत ठेवावा. पोत्यांऐवजी जाळीदार क्रेट वापरून त्यांत हवा खेळू द्यावी, आणि ताडपत्री मालाला चिकटून न बांधता वर मोकळी जागा ठेवावी. पुढे कोणी उष्णतारोधक पेटीची गाडी घेतलीच, तर भेंडी ७ अंशांखाली नेऊ नये; थंडी बाधून तिच्यावर डाग पडतात.

त्या बागायतदारांनी आता नळी काढून टाकली आहे. पत्र्याच्या दोन्ही बाजू कापून तेथे जाळी बसविली आहे, आणि मजूर पहाटे साडेपाचला शेतावर येतात.