परसातील वनस्पती : गाजरगवत

आषाढाची पहिली झड बसून गेली, म्हणजे लातूरच्या बाजूस रस्त्याच्या कडेला, विहिरीच्या पाटाजवळ आणि न्हाणीचे पाणी मुरते त्या जागी गाजराच्या पाल्यासारखी कातरलेली रोपे दाटीने उगवतात. महिना-दीड महिन्यात त्यांवर कणीएवढी पांढरी फुले येतात. यास कोणी गाजरगवत म्हणतात, कोणी चटकचांदणी, तर कोणी काँग्रेस गवत. नाव गवताचे असले तरी कुळ सूर्यफुलाचे होय.

ही वनस्पती मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण भागातील. पुण्यास ती १९५५ साली आढळली. पी. एल. ४८० च्या गव्हातून तिचे बी आले, असे घरोघरी सांगतात. परंतु आपल्या देशाशी तो करार झाला १९५६ च्या ऑगस्टात. तेव्हा सारा दोष त्या गव्हाच्या माथी मारून आपणांस मोकळे होता येत नाही. दाट झाडोऱ्यात या रोपाचे फारसे चालत नाही; आपण जमीन उकरून उघडी टाकावी आणि त्याने ती बळकवावी, असा त्याचा क्रम आहे. एकेका झाडास पंचवीस हजारांपर्यंत बी धरते, ओल मिळताच ते रुजते, आणि पाण्याच्या लोटाबरोबर व चाकांच्या चिखलाबरोबर दूरवर जाते.

याच्या अंगी पार्थेनिन नावाचे विषारी द्रव्य आहे. त्याने पुष्कळांच्या पापण्यांवर, मानेवर व कोपराच्या लवणीत खाजरे चट्टे उठतात. परागांनी कित्येकांस शिंका व दमा जडतो. एकदा हे दुखणे लागले, की पुढे झाडास हात न लावताही ते उमटू शकते. याचा पहिला भार खुरपणाऱ्या बायांवर पडतो. ‘एवढे गवत उपटून टाक’ असे सांगून आपण आत वळतो, तेव्हा ते उपटणारीचे हात उघडे असतात, याचा विचार किती घरांतून होतो?

यास्तव आमची सूचना अशी : फुलोरा येण्यापूर्वी, भुई ओली असताना, रोपे मुळासकट काढावीत व खताच्या खड्ड्यात पुरावीत, फुललेली मात्र त्यात घालू नयेत. उपटणारीस हातमोजे, लांब बाह्यांचा सदरा व नाकास फडके द्यावे. मुलांस या कामी लावू नये. मोकळ्या झालेल्या जागी पावसाळ्याच्या तोंडी टाकळ्याचे बी फेकावे. टाकळा दाट उगवून या रोपांस दाबतो, आणि त्याच्या कोवळ्या पाल्याची भाजीही होते. बंगलोरास १९८४ साली सोडलेले मेक्सिकन भुंगे पावसाळ्यात हा पाला खातात खरे. पण त्यांच्यावर सर्व हवाला ठेवून चालणार नाही.

येत्या पावसाळ्यात एकेका घराने आपले परस व दारापुढील गटाराची कड वेळीच साफ करविली, आणि साफ करणारीचे हात झाकले, तर आमच्या लिहिण्याचे चीज झाले असे आम्ही समजू.